फिलिपिन्सच्या जुन्या देवता मिनिमल शैलीत काढताना: कमी करण्याआधी काय गोळा करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहात. स्पॅनिश येण्याआधीच्या फिलिपिनो देवतांवर बारा डिजिटल चित्रांची मालिका करताय आणि शैली मिनिमल ठेवली आहे. तीन चित्रं झाली आहेत. सर्वोच्च देव बाथाला म्हणजे सोनेरी वर्तुळ, चंद्राची देवी मायारी म्हणजे अर्धचंद्र आणि मृत्यूचा देव सिदापा म्हणजे काळ्या चौकोनातून वर आलेली दोन शिंगं. तुमचे मार्गदर्शक म्हणाले, "ही हवामानाच्या ॲपमधली चिन्हं वाटतात." म्हणून तुम्ही विचारताय की यात काय वाढवू. सोबत आणखी दोन शंका आहेत. 'बाथाला' हा शब्द संस्कृतातून गेला असेल तर आपली प्रभावळ आणि मुद्रा त्यात वापरता येतील का? आणि भारतीय माणसाने हे काम करावं का?

मी चौदा वर्षं मनिलात चित्रकार म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं याच विषयाला दिली. तुमची तीनही चित्रं मी कधी ना कधी स्वतः काढलेली आहेत, त्यामुळे ती कुठून येतात ते मला ठाऊक आहे.

मार्गदर्शकांचं निरीक्षण बरोबर आहे, पण वाढवून ते दुरुस्त होणार नाही. आपल्याकडे गणपती एका रेषेत काढता येतो. सोंडेचं एक वळण कागदावर उमटलं की आजीसुद्धा हात जोडते. त्या वळणात कान, पोट, मोदक, उंदीर यांतलं काहीच नसतं. ते सगळं बघणाऱ्याच्या मनात आधीपासून असतं, रेष त्याला फक्त हाक मारते. मिनिमल शैली ही अशी बघणाऱ्याच्या भांडवलावर चालते: आपण जे वगळतो ते तो भरून काढतो. आता सिदापा घ्या. पुण्यातल्या ज्यूरीचं सोडून द्या, मनिलात रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या मनातही सिदापाचं एकच एक ठरलेलं रूप नाही. तुम्ही वगळलंत, पण त्याच्याकडे भरायला काही नाही. मग तो हाताशी असेल ते भरतो. शिंगं म्हणजे सैतान, सोनेरी वर्तुळ म्हणजे ऊन, अर्धचंद्र म्हणजे फोनमधला रात्रीचा मोड. तुमचा खरा प्रश्न हा आहे: ज्याचं रूप लोकांच्या आठवणीत उरलेलं नाही, ते कमी कशातून करायचं?

रूप का उरलं नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्याने 1589 मध्ये मनिलाजवळच्या लागुना भागात राहून तिथल्या तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यांच्याकडे वेगवेगळ्या आकारांच्या पुष्कळ मूर्ती असल्याचं तो सांगतो आणि त्या मूर्तींना 'लिखा' म्हणतात असंही नोंदवतो. पुढे धर्मांतराच्या लाटेत या मूर्ती जाळल्या, फोडल्या गेल्या. ही बाथाला, ही पिकाची देवता लाकापाती, असं नाव घेऊन बोट दाखवता येईल अशी मूर्ती आज आपल्यासमोर नाही. शब्द तेवढे राहिले, पण तेही घर बदलून. आजच्या तागालोगमध्ये 'लिखा' म्हणजे निर्मिती. 'लारावान' हाही मूर्तीसाठीचा शब्द होता, आता तो साध्या चित्राला किंवा फोटोला वापरतात. 'सिम्बाहान' म्हणजे पूजेची जागा, आज त्याचा अर्थ चर्च. 'दिवाता' म्हणजे आपली देवता, ती आता गोष्टीतली परी झाली आहे. एखादा फिलिपिनो चित्रकार आपल्या कामाखाली 'लिखा' असं लिहितो तेव्हा तो नकळत त्या जळालेल्या मूर्तीचंच नाव लिहीत असतो. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी माझ्याकडून एकही रेष निघाली नाही.

मग उरलं काय? नोंदी उरल्या. पनाय बेटावर जहागीर मिळालेल्या मिगेल दे लोआर्काची 1582 ची, प्लासेन्सियाची 1589 ची, जेझुइट पाद्री पेद्रो चिरिनोची 1604 ची, आणि लागुनातल्या पिला इथे 1613 मध्ये छापलेला पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुराचा तागालोग शब्दकोश. ही सगळी बाहेरून आलेली माणसं. या देवांना ते सैतानाचा खेळ समजत होते, तेव्हा त्यांचे शेरे बाजूला ठेवूनच वाचावं लागतं. पण नीट वाचलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. देव दिसतो कसा, हे त्यांनी क्वचितच लिहिलं आहे. तो राहतो कुठे, करतो काय, लोक त्याला कधी आणि कोणत्या शब्दांत हाक मारतात, हे मात्र लिहिलं आहे. माझी सगळी पद्धत यावर उभी आहे. मी देवाचा चेहरा शोधत नाही. त्याची नोंदलेली एक कृती घेतो आणि ती कृती कमी कमी करत नेतो.

सिदापाचंच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमचं ते चित्र सगळ्यात जास्त फसलं आहे आणि तेच सगळ्यात चांगलं होऊ शकतं. लोआर्का सांगतो की सिदापा आकाशात असतो आणि मायास डोंगरावर त्याचं एक खूप उंच झाड आहे. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं आयुष्य तो त्या झाडावर मोजतो आणि खूण करून ठेवतो. माणसाची उंची त्या खुणेला टेकली की तो मरतो. लोआर्काचा हा मजकूर दोन-तीन ओळींचाच आहे. त्यात शिंगं नाहीत, कवटी नाही, काळा झगा नाही. चंद्रदेव बुलानबरोबरची जी प्रेमकथा हल्ली चित्रांमधून सगळीकडे फिरते, तीही लोआर्काकडे नाही. ती कथा कुणाला प्रिय असेल तर त्याने जरूर काढावी, पण आजची कथा म्हणून काढावी.

मी पहिल्यांदा झाड काढलं. ते छान दिसत होतं आणि काही सांगत नव्हतं, कुठल्याही पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर शोभलं असतं. मग फांद्या काढून टाकल्या, पानं काढली, मुळं काढली. उरली आर्टबोर्डच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या कोऱ्या चित्रफलकाच्या, तळापासून माथ्यापर्यंत जाणारी एक उभी रेष. तिच्यावर एक आडवी खाच. आणि शेजारी, तळाला टेकलेली, एक छोटी उभी रेष: ते मूल. एवढ्यावर मी बराच काळ अडलो, कारण आता तीच रेष वजन मोजायचा काटा वाटू लागली. उत्तर मिळालं ते खाचेच्या जागेत. खाच वर, जवळजवळ माथ्याशी होती तोवर चित्र थंड होतं. ती खाली आणली, मुलाच्या डोक्यापासून जेमतेम दोन बोटांवर, आणि माझ्याच पोटात गोळा आला. त्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेत सिदापा आहे. बघणाऱ्याला त्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं, कारण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची मोजणं त्याने पाहिलेलं असतं, निदान त्याची स्वतःची तरी कुणी मोजलेली असते. गणपतीच्या सोंडेला जे भांडवल मिळतं, ते इथे त्या चौकटीने दिलं.

याच चित्राने मला डिजिटल माध्यम कशासाठी वापरायचं तेही शिकवलं. तुमची तीनही चित्रं स्क्रीनप्रिंटनेही तशीच झाली असती. सिदापाच्या चित्रात मी मुलाची रेष वाढती ठेवली. इतकी सावकाश, की टक लावून बघितलं तर हलताना दिसत नाही, पण पाणी पिऊन परत आलं की वाढलेली असते. खाचेला टेकली की पडदा विझतो. कागदाला हे जमत नाही. प्रत्येक चित्राला हालचाल द्या असं मी म्हणत नाही, बारांपैकी दोघातिघांनाच ती लागेल. पण ज्याची कृती काळाशी बांधलेली आहे, त्याला काळ द्यायला हवा.

दुसरं उदाहरण लालाहोन देवीचं. तुमच्या यादीत ती नाही, ती घ्याच असं सुचवतो. लोआर्काच्या म्हणण्याप्रमाणे ती नेग्रोस बेटावरच्या ज्वालामुखीत राहते आणि तिथून आग फेकते. लोक पिकासाठी तिला हाक मारतात. चांगलं पीक द्यायचं तिच्या मनात नसेल तर ती टोळ पाठवते. तो डोंगर म्हणजे आजचा कानलाओन, आणि तो 2024 च्या जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये उफाळला, आसपासच्या गावांतल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. म्हणजे ही देवी कुठल्या धूसर पुराणकाळातली नाही, तिचा डोंगर आजही माणसांना हलवतो. लाल त्रिकोण आणि वर ज्वाळा, हा मोह इथे प्रत्येकाला होतो. मी तो टाळला. पूर्ण आर्टबोर्डवर तांदळाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांची ग्रिड टाकली, मधला एक त्रिकोण ठिपक्यांशिवाय कोरा ठेवला. तो झाला डोंगर. मग एका कोपऱ्यातल्या काही ठिपक्यांना मागच्या पायाची एक छोटी तिरकी रेघ जोडली. दाणा होता तिथे टोळ झाला. देणारी आणि परत घेणारी एकच आहे, हे एका आकारातून सांगता आलं. आग दाखवायची गरजच पडली नाही.

लाकापातीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथे माझं मराठी असणं आडवं आलं. लाकापाती ही तागालोग लोकांची शेताची, पिकाची देवता. प्लासेन्सिया तिला इदियानाले या दुसऱ्या देवतेबरोबर शेतीची रखवालदार म्हणतो. जुन्या नोंदींप्रमाणे तिची मूर्ती स्त्री आणि पुरुष दोन्हींची चिन्हं असलेली होती. हे वाचताक्षणी माझ्या हाताने आर्टबोर्ड मधोमध उभा कापला, उजवी बाजू एक रंग, डावी दुसरा. अर्धनारीनटेश्वर! लहानपणापासून पाहिलेली रचना, तिला बोलवावं लागत नाही. पण ती आपली रचना आहे. तिथे कुणीही असं म्हटलेलं नाही की लाकापाती उभी अर्धी-अर्धी होती. मी जे काढत होतो ते माझ्याच देवघरातलं चित्र होतं, फक्त नाव बदललेलं.

सुटका केली ती एका प्रार्थनेने. शेतकरी आपल्या मुलाला शेतावर उचलून धरी आणि म्हणे: लाकापाती, तुझ्या या दासाला जेवू घाल, त्याला उपाशी ठेवू नकोस. ही प्रार्थना सान बुएनाव्हेंतुराच्या शब्दकोशातून आपल्यापर्यंत आली आहे. शब्दांचे अर्थ देता देता तिथे एका बापाचा आवाज अडकून राहिला. मी चित्रात ठेवलं ते एवढंच: खाली आडव्या समांतर रेषा, म्हणजे शेत. त्यातून वर येणारे दोन हात. हातांवर एक लहान गोल. हे हात बापाचे की देवतेचे, बाईचे की पुरुषाचे, ते ठरवता येत नाही, आणि ते ठरवता येऊ नये यासाठीच मी त्यांची जाडी आणि वळण पंधरावीस वेळा बदललं. दोन लिंगांची देवता मला शेवटी तिथे सापडली.

मायारीबद्दल थोडं सांभाळून. बाथाला हा पिता, मायारी, ताला आणि हानान या त्याच्या मुली, अशी जी नेटकी वंशावळ तुम्हाला इंटरनेटवर मिळाली, ती विसाव्या शतकातल्या संकलनांमधून रूढ झाली. सोळाव्या शतकातल्या नोंदींत ती अशी बांधून ठेवलेली नाही. प्लासेन्सिया एवढंच सांगतो की लोक सूर्याला त्याच्या सौंदर्यासाठी मान देत, चंद्राला मान देत, विशेषतः नवा चंद्र दिसला की, आणि पहाटेच्या ताऱ्याला ताला म्हणत. वंशावळ हाती आली की आपण ग्रीक देवांच्या साच्यात विचार करू लागतो: हा राजा, ही राजकन्या, हा युद्धखात्याचा मंत्री. या देवतांची डिजिटल चित्रं पाहिलीत तर बहुतेक त्या साच्यातून निघालेली दिसतील, पिळदार दंड आणि उडते केस. मिनिमल शैलीची मला इथे मोठी मदत वाटते, कारण ती दंड आणि केस दोन्ही काढून टाकते.

याचा अर्थ मायारी सोडून द्या असा नाही. मनिलाच्या उत्तरेकडच्या कापांपांगान लोकांची गोष्ट सुंदर आहे. पित्यानंतर राज्य कुणी करायचं यावरून मायारी आणि तिचा भाऊ आपोलाकी बांबूच्या दांडक्यांनी भांडले, त्यात तिचा एक डोळा गेला. भावाला पश्चात्ताप झाला, त्याने अर्धं राज्य दिलं. तो दिवसा, ती रात्री. एक डोळा नाही म्हणून तिचा उजेड मंद. ही गोष्ट घेतली तर ती कापांपांगान आणि नंतर छापलेली आहे हे खाली लिहा, झालं. चित्रासाठी एक दुवा देतो. सूर्य आणि चंद्र आकाशात आपल्याला जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. म्हणून दोन अगदी समान वर्तुळं घ्या आणि फक्त उजेडात फरक ठेवा, एक शंभर टक्के, दुसरं पन्नास. अर्धचंद्र नको, जखमी डोळा नको. स्क्रीनवर उजेड हा खरा उजेड असतो, शाईचा नसतो, त्याचा इथे उपयोग होतो. तालासाठी तर पाच टोकांची चांदणीही लागत नाही. क्षितिजाची रेष आणि तिच्या किंचित वर एक ठिपका. पहाटेचा तारा ओळखू येतो तो त्याच्या जागेमुळे. आपल्या शुक्राच्या चांदणीचंही तसंच आहे.

आता बाथाला, आणि त्यासोबत तुमची संस्कृतची शंका. शब्दाचा प्रवास खरा आहे. 'बाथाला' चा उगम 'भट्टार' मध्ये मानतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या जैन मठाच्या स्वामींना भट्टारक म्हणतात तोच हा शब्द. तागालोगमध्ये ग्रहणाला 'लाहो' म्हणतात, तो आपला राहू. लागुनात 1989 मध्ये सापडलेला ताम्रपट तर मराठी माणसाला हलवून टाकतो. त्याच्या सुरुवातीलाच शके 822, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार असा काळ दिलेला आहे, म्हणजे इसवी सन 900. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याच्यासमोर उभं राहून मी तिथी वाचली तेव्हा डोळे भरून आले होते. पण तो ताम्रपट कर्जफेडीचा दाखला आहे, देवाचं चित्र त्यात नाही. शब्द समुद्रापार गेले, कालगणना गेली, म्हणून प्रभावळ आणि अभयमुद्राही गेल्या असं होत नाही. बाथालाच्या मागे प्रभावळ लावलीत तर बघणारा म्हणेल की हा हिंदू देव आहे, आणि ज्या लोकांच्या देवतांची रूपं एकदा पुसली गेली त्यांच्यावर आपण दुसऱ्यांदा आपलं रूप चढवू. माझं म्हणणं ठाम आहे: शब्दाचं नातं टिपणीत सांगा, चित्रात आणू नका.

बाथालासाठी माझ्याकडे तयार उत्तर नाही, पण एक वाट आहे. चिरिनो सांगतो की कस्तुर पक्ष्याएवढा एक निळा पक्षी होता आणि त्यालाही लोक बाथाला म्हणत. प्लासेन्सिया त्या पक्ष्याचं नाव तिग्मामानुकिन असं देतो, वाटेत तो भेटला की त्यावरून शकुन पाहत. म्हणजे सर्वोच्च देवाचं नाव एका पक्ष्यालाही होतं. पूर्ण कोऱ्या आर्टबोर्डच्या कडेवर, अर्धा बाहेर गेलेला एक निळा ठिपका, असं मी एकदा केलं होतं. त्याने माझं समाधान पूर्ण झालं नाही, पण सोनेरी वर्तुळापेक्षा ते खरं होतं. बाथाला शेवटी काढा. बाकीची अकरा झाल्यावर तुमचा हात काय शिकला ते त्यात दिसेल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: रूप हरवलंय, कृती उरलीय, एका देवाची एक कृती घ्यायची, ती कुठल्या लोकांची आणि कधी नोंदली ते लिहायचं, आणि आपल्या घरातली रचना हातातून निसटून आत येतेय का यावर डोळा ठेवायचा.

'कुठल्या लोकांची' यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. 'स्पॅनिशपूर्व फिलिपिनो' असं कुणी नव्हतं. देशाचं नावच स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून पडलं. 7641 बेटं, शंभराहून कितीतरी जास्त भाषा, आणि प्रत्येकाचे आपापले आनितो, म्हणजे देव आणि पूर्वजांचे आत्मे. तुमच्या यादीत तागालोग, मधल्या बेटांवरचे विसाया, कापांपांगान आणि उत्तरेच्या डोंगरांतले इफुगाव असे चार वेगळे लोक एका कुटुंबाच्या फोटोत बसवले आहेत. त्यांची चार गटांत विभागणी करा, प्रत्येक गटाची पार्श्वभूमी वेगळी ठेवा. मालिका आपोआप प्रामाणिक होईल.

आणि इफुगावांचा बुलुल यादीतून काढा. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. बुलुल म्हणजे भाताच्या कोठाराची राखण करणारी लाकडी मूर्ती, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. ती इतकी साधी आणि भौमितिक असते की मिनिमल चित्रकाराला ती आयती मिळाल्यासारखी वाटते. एका खाद्यपदार्थाच्या पाकिटासाठी मी तिचं सात आकारांत चिन्ह केलं आणि खूश होतो. प्रूफ बघायला छापखान्यात गेलो तेव्हा तिथले एक वयस्क कारागीर, मूळचे बानावेकडचे, म्हणजे इफुगाव मुलखातले, ते हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याची जोडीदारीण कुठे आहे? आणि हा कुणाच्या कोठारातला?" बुलुल बहुधा जोडीने असतात. ते विधीने घडवले जातात, त्यांना रक्त आणि तांदळाची दारू वाहिली जाते, मग ते त्या घराचे होतात. मी ज्याला चिन्ह समजलो होतो तो कुणाच्या तरी घरातला माणूस होता, आणि पाकीट फाडून कचऱ्यात जाणार होतं. काम मागे घेतलं. ग्राहक नाराज झाला, पैसे बुडाले, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या कारागिरांसमोर मला उत्तर देता आलं नाही, याचं वाटतं.

तेव्हा भारतीय माणसाने हे काम करावं का, या तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. लोआर्काच्या सिदापाला आज तसा पूजणारा घरचा संप्रदाय उरलेला नाही. तिथे अभ्यास आणि नम्रता पुरेशी आहे, तुम्ही भारतीय असलात तरी. इफुगाव, दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे त'बोली यांच्यासारख्या समाजांच्या परंपरा मात्र जिवंत आहेत आणि तिथे त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही फक्त सभ्यता नाही, 1997 च्या आदिवासी हक्क कायद्यात त्या समाजांचे सांस्कृतिक आणि बौद्धिक हक्क मान्य केलेले आहेत. कॉलेजच्या भिंतीवर लावणं, मनिलात प्रदर्शन करणं आणि टी-शर्टवर छापून विकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विकायचं असेल तर माझा हात फार आखडता असतो. आणि काहीही करण्याआधी निदान एका फिलिपिनो माणसाला, शक्यतो त्याच भाषेच्या, चित्रं दाखवा. त्याने कौतुक करावं म्हणून दाखवू नका. तो कुठे थबकतो ते बघा.

तंत्राचं थोडक्यात. रंग तीनपेक्षा जास्त नकोत, पण ते कुठून आले हे सांगता यायला हवं. त'बोलींच्या त'नालाक कापडातला काळा, लाल आणि अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा पांढरा दिसायला मोहक आहे, पण तो तागालोग देवाला देऊ नका. तागालोग गटासाठी मी प्लासेन्सियाकडेच गेलो. उत्सवात सरदाराच्या घराच्या मध्यभागी मोठा दिवा ठेवत आणि तो पांढऱ्या माडपानांच्या नक्षीने सजवत, असं तो लिहितो. दिव्याचा पिवळा, झावळीचा फिकट पांढरा, रात्रीचा गडद. एवढे पुरले. शिवाय कुठेही वारली माणूस येऊ देऊ नका. मिनिमल म्हटलं की आपल्याकडच्या हाताला तो त्रिकोण आपोआप सुचतो.

बायबायिन ही तागालोगांची जुनी लिपी वापरणार असाल तर फॉन्टवर विसंबू नका. ती आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मी कुळातली, प्रत्येक अक्षरात 'अ' धरलेला, वर-खाली खूण केली की स्वर बदलतो. पण जुन्या पद्धतीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नसत. क्रूसाच्या आकाराची पाय मोडायची खूण 1620 मध्ये एका पाद्र्याने आणली. स्पॅनिशपूर्व म्हणवणाऱ्या चित्रावर ती खूण दिसली की जाणकार तिथेच थांबतो. अक्षरांच्या आकारांत गूढ अर्थ दडलेला असल्याच्या ज्या पोस्ट फिरतात, त्या वाचून चित्रं रचू नका.

टीप लिहायला लाजू नका. मिनिमल चित्राखाली मजकूर म्हणजे चित्राचा पराभव, असं कॉलेजात शिकवतात. या विषयात मला ते पटत नाही. तीन ओळी पुरतात: नाव, लोक, नोंद कुणी कधी केली. आणि प्रत्येक चित्राची एक परीक्षा घ्या. टीप झाकून घरातल्या कुणाला तरी विचारा, "इथे काय घडतंय?" 'चंद्र', 'डोंगर' असं नाम उत्तरात आलं तर चित्र अजून चिन्हच आहे. 'कुणीतरी मूल उचलून धरलंय', 'काहीतरी येऊन टेकणार आहे' असं क्रियापद आलं की पुढच्या चित्राकडे वळा.

सुरुवात सिदापापासून करा. शिंगांची फाईल बंद ठेवा, नवा उभा आर्टबोर्ड घ्या, दोन रेषा आणि एक खाच. खाच दहा वेगवेगळ्या उंचींवर ठेवून दहा प्रती करा, भिंतीवर ओळीने लावा आणि एक रात्र तशाच राहू द्या. सकाळी ज्या प्रतीकडे बघवत नाही, ती ठेवा.